पालखीचे पत्रक आणि इंकस्केप

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत जाणार, हे मुंबईच्या चाकरमान्यांना वेळेवर कळावे लागते, कारण त्यावरच त्यांची रजा आणि गाडीचे आरक्षण ठरते. रत्नागिरीकडच्या आमच्या गावासाठी हे पत्रक मी इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तयार करतो. एका-दोन पानांच्या, चित्रांवर उभ्या असलेल्या छपाईसाठी महागड्या सॉफ्टवेअरची मुळीच गरज नाही, असे माझे ठाम मत आहे.

इंकस्केप मुळात चित्रे काढण्याचे साधन आहे, परंतु २०२२ च्या १.२ आवृत्तीपासून एकाच फाइलमध्ये अनेक पाने ठेवता येतात आणि १.३ पासून समास व ब्लीडही (कागद कापताना पांढरी कड राहू नये म्हणून पानाबाहेर वाढवलेला छपाईचा भाग) पानालाच लावता येतात. खरा फायदा दिसतो तो नकाशात. खाडी, रस्ता आणि वाड्यांची नावे मी वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे एकावर एक असलेल्या थरांवर, ठेवतो. मानकऱ्यांच्या घराचे चिन्ह एकदाच काढून त्याचे क्लोन, म्हणजे मूळ चिन्हाशी जोडलेल्या प्रती, जागोजागी मांडतो. मंडळाने चिन्ह मोठे करायला सांगितले, तर मूळ चिन्ह बदलताच सगळीकडचे बदलते.

मजकुरासाठी युनिकोड फॉन्टच घ्यावा. ‘तिरो देवनागरी मराठी’ या मोफत फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे मिळतात, हे मला फार मोलाचे वाटते. पीडीएफ करताना अक्षरांचे पाथमध्ये, म्हणजे रेषांच्या आकृत्यांमध्ये, रूपांतर करण्याचा पर्याय निवडला, की छापखान्यात तो फॉन्ट नसला तरी जोडाक्षरे फुटत नाहीत. मात्र नंतरच्या दुरुस्त्यांसाठी इंकस्केपची मूळ एसव्हीजी फाइल जपून ठेवावी लागते.

अडचण येते ती रंगांची. इंकस्केपचे काम आरजीबीत (पडद्याच्या लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशात) चालते आणि छपाई सीएमवायकेत (निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी या चार शाईंत) होते, त्यामुळे पडद्यावर झळाळणारा गुलाल कागदावर मंदावतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे आरजीबीतला काळा रंग रूपांतरात चारही शाईंचा बनू शकतो, आणि छपाईत प्लेटा किंचित जरी सरकल्या तरी बारीक अक्षरांच्या कडा रंगीत होऊन वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होतो.

म्हणूनच उत्सवाची स्मरणिका, जिच्यात लेख पानामागून पान वाहतात आणि पृष्ठांक, शीर्षके, शुभेच्छांच्या जाहिराती सांभाळायच्या असतात, ती इंकस्केपमध्ये करण्याचा हट्ट मी धरत नाही. त्यासाठी स्क्रायबस हे पानांची मांडणी करण्याचे सॉफ्टवेअर आहे, तेही मोफत. त्यात मजकुराच्या चौकटी एकमेकींना जोडता येतात आणि अक्षरांना केवळ काळी शाई नेमून देता येते. पूर्वी त्यात देवनागरी जोडाक्षरे तुटत, म्हणून अनेकांनी ते सोडून दिले. जोडाक्षरे नीट जुळवण्याची सोय १.५ मालिकेत आली आणि जानेवारी २०२४ च्या १.६ या स्थिर आवृत्तीत ती आहे, तेव्हा त्यांनी ते पुन्हा उघडून पाहावे. मुखपृष्ठ आणि नकाशा इंकस्केपमधूनच आणावेत, फक्त धूसर छाया वापरलेली चित्रे ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपक्यांच्या) पीएनजी चित्रफाइलीत न्यावीत, कारण एसव्हीजीतील तसले परिणाम स्क्रायबसमध्ये उतरत नाहीत.