पायुनचे बेड लागले, आता बस सुटतेय : युशान नोंद

पायुन लागलं! म्हणजे तैवानच्या सर्वांत उंच शिखराच्या, युशानच्या वाटेवरचं मुक्कामाचं लॉज. भाऊबीज आटोपल्यानंतरच्या सोमवारची रात्र, चौघांचेही बेड. परदेशी लोकांसाठी रविवार ते गुरुवारच्या रात्रींचा जो वेगळा कोटा आहे, त्यातून मिळाले, त्यामुळे महिनाभर आधीच्या सोडतीची धाकधूक संपली. शनिवारच्या रात्रीची हौस आपण सोडली म्हणूनच हे जमलं. ज्यांना ऑफिसच्या सुट्ट्यांमुळे शनिवार-रविवारच हवा असतो त्यांनी सोडतीत नशीब आजमवावं, पण तिथे सगळा तैवान उभा असतो.

युशान ३९५२ मीटर. जपानच्या फुजीपेक्षा १७६ मीटर जास्त. हा आकडा मी घरी, ऑफिसात, पोह्याच्या ठेल्यावर सगळीकडे सांगून बसलोय. अजून कोणाच्या भुवया वर गेलेल्या नाहीत.

उद्यान-प्रवेश आणि पोलिसांचा डोंगर-प्रवेश हे दोन्ही परवाने ऑनलाइन निघाले. अर्ज गेल्यावर माणूस गाळता येतो, बदलता येत नाही. म्हणून चौघांपैकी ज्याचा पासपोर्ट संपत आला होता, त्याला नूतनीकरण आधी उरकायला लावलं होतं. अर्जात नवाच नंबर गेला.

आता खरं दुखणं. वर जायची सोय झाली, खाली आल्यावर ताताकाहून, म्हणजे चाल जिथे सुरू होते आणि संपते त्या खिंडीकडून, निघायची होत नाहीये.

ज्यांनी नकाशा उघडून ठेवलाय त्यांच्यासाठी : नोंदणी होते ती पायुन गिर्यारोहण केंद्रात. तिथून शटलने ताताका खिंड, उंची २६१० मीटर. खिंडीतून ८.५ किमी चालत पायुन लॉज, ३४०२ मीटर. दुसऱ्या दिवशी पहाटे २.४ किमी माथा, आणि मग आलो तसं सगळं परत, म्हणजे माथ्यापासून खिंडीपर्यंत १०.९ किमी एका दमात. गाडी भाड्याने घ्यायची नाही हे आपण आधीच ठरवलंय. घाटात उलट्या हाताची गाडी चालवायला कोणीच तयार नाही. राहिली सार्वजनिक बस. सन मून लेक हे तळं ते आलिशान हे डोंगरातलं ठिकाण, ही बस ताताकावरून जाते, दिवसाला मोजक्या फेऱ्या. लेककडून सकाळी सुटते, आलिशानकडून परत दुपारी.

जाताना प्रश्न नाही. रविवारी सकाळची बस पकडायची, उन्हं डोक्यावर यायच्या सुमारास ताताका, रात्री तिथल्याच तुंगपू लॉजवर मुक्काम. २६०० मीटरवर एक झोप आयतीच मिळते, आणि नागपूरच्या ३१० मीटरवरून उठून गेलेल्या फुप्फुसांना ती हवीच.

येताना मात्र घड्याळ मानगुटीवर बसतं. पहाटे दोनला उठा, तीनला निघा. शेवटच्या टप्प्यात साखळ्या आहेत, दगड पडतात म्हणून वाटेवर लोखंडी पिंजरा केलेला भाग आहे, त्याच्यापुढे वाऱ्याची खिंड. अंधारात टॉर्चच्या उजेडावर तिथे वेग घेता येत नाही, घेऊही नये. सहाच्या आसपास सूर्योदय, फोटो, थंडीने कुडकुडणं, आठपर्यंत पायुन. सामान आवरून नऊ. ८.५ किमी उतार, साडेतीन तास धरले तर साडेबारा. पुढे शटलची वाट, मग केंद्र. आलिशानची दुपारची बस तिथे येईपर्यंत तासाभराची फट उरते. कागदावर बसतं. पण हा हिशोब मी आमच्या गुडघेवाल्या भाऊला वाचून दाखवला, तर तो म्हणे, "बाप्पा, बसच्या टायमासाठी मले डोंगरावरून धावाले लावून राहिला का तू?"

त्याचं चूक नाही. शटल एकदा हुकलं की डांबरी रस्त्याने तीनेक किमी पायपीट. ती झाली की बस गेली. बस गेली की २६०० मीटरवर संध्याकाळ, आणि पुढच्या हॉटेलचं भाडं भरलेलं.

मी बरंच काही मांडून बघितलं. माथ्याचा सूर्योदय सोडायचा? मग एवढं करायचं कशाला. टॅक्सी बोलवायची? चौघांत परवडते, पण घाटात अडकली तर तोच घोळ. उतरून आलिशानच्या बाजूला निघायचं? तिकडे जाणारी बस सकाळचीच, तोवर आपण अजून डोंगरात.

आणि हे सगळं लिहितालिहिता सुचलं : परत निघायचंच कशाला? मंगळवारची रात्रही तुंगपूला काढायची. बुधवारी सकाळी पाय चालत असतील तर शेजारचं लुलिनशान, २८४५ मीटर, परवान्याची भानगड नाही. नसतील चालत तर चहा पीत बसायचं. मग सकाळच्याच बसने पुढे आलिशान, आणि तिथून अरण्य रेल्वेने खाली चियायी शहर! २००९च्या मोराकोट वादळाने तोडलेला हा मार्ग २०२४च्या जुलैत पुन्हा सलग सुरू झाला. नागपूरची नॅरोगेज डोळ्यांदेखत गेलेल्या माणसाला छोट्या रुळांवर डोंगर उतरायची संधी सोडवणार नाही. बसशी शर्यत संपली, गुडघा वाचला, वर गाडी मिळाली. हे लिहून तुंगपूची दुसरी रात्र मागायला बसतो.

एक रात्र वाढली म्हणजे कुठूनतरी कापावी लागणार. कापतोय श्वेशान. ३८८६ मीटरचं क्रमांक दोनचं शिखर, मला कळतंय काय बोलणार तुम्ही. पण तिकडे ईशान्येचा पावसाळी वारा या दिवसांत युशानपेक्षा जास्त लागतो, परवाना वेगळ्या उद्यानाचा, आणि दोन मोठे डोंगर एका सुट्टीत कोंबले की दोन्हींचा चुथडा होतो. त्याऐवजी हहवान डोंगर. तिथे रस्ताच ३२७५ मीटरवरच्या वूलिंग खिंडीपर्यंत जातो आणि मुख्य शिखर ३४१७ मीटर, परवाना नाही. युशानच्या आधी दोन दिवस चिंगजिंगला खाली झोपायचं, दिवसा वर जाऊन फिरून यायचं. चिंगजिंग आणि सन मून लेक दोन्हींचा रस्ता पुली गावावरून. म्हणजे हहवान, पुली, लेक, ताताका, आलिशान, चियायी : कुठेही उलटं फिरणं नाही. नकाशावर बोट फिरवून बघा, काय सुरेख बसलंय!

नकाशावरून आठवलं. तैवानसाठी रूडीचा नकाशा उतरवून घ्या, फुकट आहे. पाणी, निवारे, वाटेवरचे अर्ध्या किलोमीटरचे खुंट, सगळं त्यात आहे. नाव चिनी लिपीतच दिसतं, पण खुंटांचे आकडे वाचता आले की भागतं. हेडटॉर्चबद्दल : सीताबर्डीतल्या एका दुकानातून घेतलेला, "वॉटरप्रूफ" असं ठळक लिहिलेला टॉर्च पहिल्याच पावसात मिणमिणायला लागला. काचेच्या आत पाण्याचे थेंब, बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि पांढरा लागतच नाही. दुकानदार म्हणतो, भिजवला कशाला. आता डिकॅथलॉनचा घेतलाय, बादलीत बुडवून बघितला, चालतोय. स्लीपिंग बॅग मात्र न्यायची नाही, पायुनला भाड्याने मिळते. विमानाच्या वजनात तेवढीच घट. जेवण शाकाहारी हवं तर आधी कळवावं लागतं, ते कळवलंय.

सराव. सेमिनरी हिल्सचा आता उपयोग नाही, रामटेकच्या पायऱ्या बऱ्या, पण खरी परीक्षा पचमढीचं नागद्वार. व्याघ्र प्रकल्पातली ती वाट नागपंचमीच्या सुमारास मोजके दिवस उघडते, तेव्हा श्रावणात आम्ही चौघंही जाणार. लोखंडी शिड्या, ओले दगड, मागून "हर हर महादेव" करत ढकलणारी गर्दी. युशानच्या साखळ्यांवर निदान रांग तरी शिस्तीत असेल. उतरताना मांड्या किती थरथरतात ते तिथे बघून वर काढलेला साडेतीन तासांचा आकडा मी पुन्हा तपासणार आहे. दुसरी रात्र मिळाली तर चार तास धरले तरी चालतील.

राहिला व्हिसा. मुंबईला २०२४पासून तैवानचं केंद्र असल्याने दिल्लीची वारी टळली. फाइलमध्ये पायुनचा परवाना दिवसवार कार्यक्रमाला जोडून देणार. त्यात श्वेशान लिहिलेलं पान आता फाडावं लागेल. तुंगपूचा होकार आला की नवा तक्ता टाकतो. तोवर कोणाकडे चाळीस लिटरची, पाऊसझाकण असलेली सॅक नोव्हेंबरपुरती रिकामी असेल तर सांगा. गुडघेवाल्या भाऊची साठ लिटरची आहे, आणि तो ती पूर्ण भरतो.