एका माणसासाठी लिहिलेले कलम

मे १९६३च्या पहिल्या आठवड्यात वर्णभेदाविरुद्ध लढणारे नेते रॉबर्ट मांगालिसो सोबुक्वे यांची तीन वर्षांची शिक्षा संपत होती आणि त्यांना सोडायचे नाही, असे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने ठरवले होते. नवा गुन्हा दाखल करावा तर गुन्हा घडलेला नव्हता, कारण माणूस तीन वर्षे तुरुंगातच होता. तेव्हा न्यायमंत्री जॉन फोर्स्टर यांनी त्याच सुमारास संमत करून घेतलेल्या दुरुस्ती कायद्यात एक कलम घातले गेले. ठरावीक राजकीय गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगून झालेल्या कैद्यालाही मंत्र्यांना वाटल्यास पुढे अडकवून ठेवता येईल, असा त्याचा आशय होता. कलमात कोणाचेही नाव नव्हते. पण ते लागू झाले फक्त एका माणसाला, आणि म्हणून लोक त्याला ‘सोबुक्वे कलम’च म्हणू लागले. दरवर्षी संसद त्याची मुदत वाढवत राहिली. मूळ शिक्षा तीन वर्षांची होती, या कलमाखालची कैद सहा वर्षांची झाली.

दक्षिण आफ्रिकेच्या लढ्याविषयी मी जे काही वाचत आलो, त्यात मंडेला सर्वत्र होते. सोबुक्वे मात्र मला अनेक वर्षे तळटीपांमध्येच भेटत राहिले. याचे एक कारण पुढे लक्षात आले. ज्या व्यक्तीवर बंदी हुकूम बजावला जाई, तिचे बोलणे किंवा लिहिणे उद्धृत करणे हाच त्या देशात गुन्हा होता. माणूस जिवंत असताना त्याचे शब्द छापता येत नाहीत, अशी अवस्था दीड दशकाहून अधिक काळ टिकली, तर पुढच्या पिढीच्या हाती तळटीप उरली यात नवल नाही.

सोबुक्वे मूळचे शिक्षक. १९२४मध्ये ग्राफ-रायनेट या गावात त्यांचा जन्म झाला, फोर्ट हेअर येथे उच्च शिक्षण झाले, आणि पुढे जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात ते आफ्रिकी भाषा शिकवत असत. सहकारी त्यांना ‘प्रोफ’ म्हणत. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसशी त्यांचा मतभेद होता आणि तो सौम्य नव्हता. आपल्या भूमीवरच्या हक्काची आणि नेतृत्वाची लढाई आफ्रिकी लोकांनी स्वतःच लढली पाहिजे, इतर वंशगटांच्या संघटनांशी केलेल्या आघाडीत ती विरघळून जाता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते. एप्रिल १९५९मध्ये पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस स्थापन झाली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. मात्र त्याच स्थापना-अधिवेशनातील भाषणात, आपण सर्वजण ज्या एकमेव वंशाचे आहोत तो म्हणजे मानववंश, असेही त्यांनी सांगितले. जो फक्त आफ्रिकेशी निष्ठा बाळगतो आणि बहुसंख्याकांचे लोकशाही राज्य मान्य करतो, तो त्यांच्या व्याख्येत आफ्रिकी होता. कातडीचा रंग त्यात येत नव्हता. त्यांच्या संघटनेतील सर्वांना ही व्याख्या तितकीच पचली होती असे मला वाटत नाही. पण ती त्यांची होती, आणि त्यांना केवळ ‘गोऱ्यांचा द्वेष्टा’ ठरवणाऱ्यांनी ती सोयीस्करपणे वगळली.

त्यांनी पहिली लढाई निवडली ती पासविरुद्ध. कृष्णवर्णीय माणसाने कुठे राहावे, कुठे काम करावे, शहरात किती काळ थांबावे हे सारे या पासवर ठरत असे, आणि तो जवळ नसला की थेट कोठडी. १९५२मध्ये वेगवेगळे पास एकत्र करून एकच ‘संदर्भ-पुस्तिका’ सक्तीची करणारा कायदा झाला. त्या कायद्याच्या नावात ‘पास रद्द करणे’ असे शब्द होते! लोकांनी त्या पुस्तिकेला ‘डोमपास’, म्हणजे मूर्ख पास, असे नाव ठेवले. दोन्ही नावांपैकी खरे कोणते, हे सांगायला नको.

सोबुक्वे यांची योजना अगदी साधी होती. २१ मार्च १९६० रोजी लोकांनी पास घरी ठेवावेत, जवळच्या पोलीस ठाण्यावर जावे आणि आपल्याला अटक करा म्हणून सांगावे. जामीन नको, वकील नको, दंड भरणे नको. तुरुंग भरून गेले आणि कामावर माणसे उरली नाहीत, तर पासचा कायदा चालवणार कसा, हा त्यामागचा हिशेब होता. काही दिवस आधी त्यांनी पोलीस आयुक्त मेजर जनरल राडेमायर यांना पत्र लिहून ही मोहीम शिस्तबद्ध आणि अहिंसक असेल असे कळवले. जमावाला पांगण्यास सांगायचे असेल तर स्पष्ट शब्दांत सांगा आणि पुरेसा वेळ द्या, अशी विनंतीही त्यांनी त्यात केली होती. हे पत्र मला त्यांच्या कोणत्याही भाषणापेक्षा मोठे वाटते, कारण पुढे काय होऊ शकते हे त्यांना पुरते ठाऊक होते.

त्या सकाळी विद्यापीठाच्या नोकरीचा राजीनामा देऊन झालेले सोबुक्वे सहकाऱ्यांसह चालत ऑरलँडोच्या पोलीस ठाण्यावर गेले आणि पासविना हजर झाले. पोलिसांनी त्यांना आधी ताटकळत ठेवले, मग अटक केली; तीन वर्षांची ती शिक्षा याच मोहिमेसाठी होती. त्याच दुपारी शार्पव्हिल येथे पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. पांगण्याचा हुकूम दिला गेला नव्हता. ६९ माणसे मेली, सुमारे १८० जखमी झाली, आणि अनेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या.

आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची स्वतःची पासविरोधी मोहीम ३१ मार्चला सुरू व्हायची होती. सोबुक्वे यांनी दहा दिवस आधीची तारीख निवडली, यात स्पर्धेचा भाग होता हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि नव्या संघटनेची तयारीही अपुरी होती. जोहान्सबर्गमध्ये प्रतिसाद तुटपुंजाच मिळाला. पण गोळीबाराची जबाबदारी त्यांच्या घाईवर टाकणारा युक्तिवाद मला पटत नाही. बंदुका कोणाच्या हातात होत्या, हा प्रश्न त्यात शिताफीने बाजूला सारला जातो. त्यानंतर सरकारने आणीबाणी जाहीर केली आणि ८ एप्रिलला दोन्ही संघटनांवर बंदी घातली.

१९६३मध्ये त्या कलमाखाली सोबुक्वे यांना केपटाउनजवळच्या रॉबेन बेटावरील तुरुंगात नेले, पण इतर कैद्यांत ठेवले नाही. त्यांच्यासाठी वेगळे छोटे घर होते, स्वतःचे कपडे होते, पुस्तके होती, अभ्यासाची मुभा होती. तिथूनच त्यांनी लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी घेतली. नव्हते ते फक्त बोलायला माणूस. सरकार हे घर सवलत म्हणून दाखवू शकत होते, आणि हीच त्यातली क्रूर चतुराई होती, कारण अंगावर वळ उठत नाहीत अशा शिक्षेचा पुरावा दाखवायचा कसा? कैद्यांची रांग कामावर जाताना त्या घराजवळून जाई, तेव्हा सोबुक्वे मूठभर माती उचलून ती बोटांतून हळूहळू खाली सोडत. आपण एकाच मातीचे आहोत, एवढेच त्यांना सांगायचे असे. इतकी वर्षे न बोलता राहिल्याने आपण बोलणेच विसरत चाललो आहोत, अशी भीती त्यांना वाटू लागली होती. भाषा शिकवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते.

१९६९मध्ये त्यांना बेटावरून हलवले, पण घरी नव्हे, तर किंबर्ली या अनोळखी शहरात. रात्री घराबाहेर पडायचे नाही आणि शहराची हद्द ओलांडायची नाही, असा हुकूम होता. अमेरिकेतील विद्यापीठाकडून नोकरीचे बोलावणे आले, तेव्हा देश कायमचा सोडण्याचा परवाना त्यांना मिळाला. परंतु विमानतळापर्यंत जाण्यासाठी किंबर्लीची हद्द ओलांडण्याची परवानगी न्यायमंत्र्यांनी नाकारली. म्हणजे देशाबाहेर जायला मोकळीक होती, गावाबाहेर जायला नव्हती. ते न्यायालयात गेले आणि हरले.

मग त्यांनी कायद्याचाच अभ्यास पुरा केला आणि १९७५मध्ये किंबर्लीत वकिली सुरू केली. दोनेक वर्षांतच फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले. उपचारासाठी केपटाउनला जायचे, तर त्यासाठीही सरकारची परवानगी आणि तिच्यासोबत येणाऱ्या अटी होत्याच. २७ फेब्रुवारी १९७८ रोजी त्यांचे निधन झाले, आणि किंबर्लीच्या हद्दीचा हुकूम त्या दिवसापर्यंत लागू होता. त्यांना ग्राफ-रायनेटला पुरले. पासचे कायदे रद्द झाले ते १९८६मध्ये.