एका बाइटचा ब्रेकपॉइंट: कर्नल डीबगर आर्म६४ आणि रिस्क-फाइव्हवर नेताना

छंद म्हणून लिहीत असलेल्या माझ्या छोट्या कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) डीबगर, म्हणजे चालता कोड थांबवून दोष शोधण्याचे साधन, आतापर्यंत फक्त एक्स८६-६४ या प्रोसेसर आर्किटेक्चरवर चालत होता. आर्म६४ आणि रिस्क-फाइव्ह या दुसऱ्या दोन आर्किटेक्चरवर कर्नल बूट होऊ लागला होता खरा, पण तेथे काही बिघडले की सीरियल पोर्टवर छापलेल्या ओळींवरून अंदाज बांधत बसावे लागे. या महिन्यात डीबगरही तिकडे नेला. काम आठवड्याभराचे वाटले होते, कारण कोडचा ‘आर्किटेक्चर-निरपेक्ष’ भाग मी पूर्वीच वेगळा काढून ठेवला होता. प्रत्यक्षात त्या भागात एक्स८६च नाव बदलून राहत होते.

याचा पहिला पुरावा ब्रेकपॉइंटनेच दिला. ब्रेकपॉइंट म्हणजे कोड जेथे थांबवायचा तेथे लावलेली खूण; एक्स८६ वर ती म्हणजे हेक्समधला सीसी हा एकच बाइट. मूळ बाइट जपून ठेवायचा, त्या जागी सीसी लिहायचा, आणि ट्रॅप आला (प्रोसेसरने थांबून ताबा डीबगरकडे दिला) की साठवलेल्या आरआयपीमधून, म्हणजे पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरमधून, एक वजा करायचा, कारण तो सीसीच्या पुढच्या बाइटकडे बोट दाखवत असतो. ही वजाबाकी मी बिनधास्त सामाईक फाइलीत लिहून ठेवली होती. आर्म६४ ची ब्रेकपॉइंटसाठीची बीआरके इन्स्ट्रक्शन चार बाइटांची असते आणि ट्रॅपनंतर परतीचा पत्ता ठेवणाऱ्या ईएलआर_ईएल१ रजिस्टरमध्ये त्या बीआरकेचाच पत्ता मिळतो. डीबगरने त्यातून एक वजा केला, आलेला विषम पत्ता आपल्या तक्त्यात शोधला, तो न सापडल्याने ‘अनोळखी ट्रॅप’ असे छापले आणि पीसीला (चालू इन्स्ट्रक्शनच्या पत्त्याला) हात न लावता परत फिरून पुन्हा त्याच बीआरकेवर आदळला. तीच एक ओळ टर्मिनलवर धबधब्यासारखी कोसळताना पाहिली, तेव्हा चूक कुठे आहे ते सांगायला डीबगरची गरज उरली नाही.

रिस्क-फाइव्हवर एसईपीसी या तशाच रजिस्टरमध्येही ईब्रेकचाच, म्हणजे तेथल्या ब्रेकपॉइंट इन्स्ट्रक्शनचाच, पत्ता येतो, त्यामुळे ती वजाबाकी तेथेही काढून टाकली. पण तेथे लांबीचा प्रश्न वेगळाच आहे. संक्षिप्त इन्स्ट्रक्शन चालू असतील तर कोडमध्ये दोन आणि चार बाइटांच्या इन्स्ट्रक्शन सरमिसळ असतात. मी सगळीकडे चार बाइटांची ईब्रेक, म्हणजे हेक्समध्ये ००१०००७३, लिहीत होतो. एका लूपच्या अगदी आधीच्या दोन बाइटांच्या इन्स्ट्रक्शनवर ब्रेकपॉइंट लावला, तेव्हा ईब्रेकचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे ००१०, लूपच्या पहिल्या इन्स्ट्रक्शनवर जाऊन बसला. दुसऱ्या फेरीसाठी उडी मारून आलेल्या कोडला तेथे ००१० मिळाले आणि ‘अवैध इन्स्ट्रक्शन’ हा अपवाद उद्भवला, तोही मी ज्या ओळीला हातसुद्धा लावला नव्हता त्या ओळीवर. आता मूळ इन्स्ट्रक्शनचे खालचे दोन बिट पाहतो: ते ११ असतील तर चार बाइटांची ईब्रेक, नसतील तर दोन बाइटांची, म्हणजे ९००२.

एकेक पाऊल पुढे जाण्याच्या सोयीत तिन्हींचा स्वभाव सर्वांत जास्त वेगळा दिसला. एक्स८६ वर आरफ्लॅग्ज रजिस्टरमधला टीएफ बिट लावला की झाले. आर्म६४ वर एमडीएससीआर_ईएल१ आणि एसपीएसआर_ईएल१ या दोन्ही रजिस्टरांमधले एसएस बिट लावावे लागतात, आणि पाऊल कर्नलच्याच कोडमध्ये टाकायचे असल्याने केडीई बिट (कर्नलमधले डीबग ट्रॅप चालू करणारा) लावून पीस्टेटमधला, म्हणजे प्रोसेसरच्या स्थितीतला, डी मास्कही (डीबग ट्रॅप रोखणारा बिट) उतरवावा लागतो. हा शेवटचा तपशील विसरल्यामुळे माझी एक संध्याकाळ गेली. रिस्क-फाइव्हच्या सुपरवायझर मोडला, म्हणजे कर्नल ज्यात चालतो त्या मोडला, अशी सोयच नाही. डीसीएसआर रजिस्टरमधला स्टेप बिट बाहेरून जोडलेल्या डीबगरसाठी आहे. म्हणून इन्स्ट्रक्शन स्वतः वाचून, ती ब्रांच असेल तर रजिस्टरांची तुलना करून पुढचा पत्ता काढायचा आणि तेथे तात्पुरता ब्रेकपॉइंट ठेवायचा, असे करावे लागले. कोड वाढला, पण मला हाच भाग सर्वांत आवडला, कारण यात काहीच झाकलेले नाही.

स्पिनलॉकमधून (मोकळे होईपर्यंत लूपमध्ये वाट पाहायला लावणाऱ्या लॉकमधून) पावलापावलाने जाताना आर्म६४ वर आणखी एक गंमत झाली. लॉक मोकळे असूनही एसटीएक्सआर (एलडीएक्सआरने वाचल्यानंतर मध्ये कोणी हात लावला नसेल तरच लिहिणारी इन्स्ट्रक्शन) दर वेळी अपयशी ठरत होती आणि लूप संपतच नव्हता. प्रत्येक पावलागणिक डीबगर ईरेट (ट्रॅपमधून परतण्याची इन्स्ट्रक्शन) करून परत जातो, आणि ईरेट एक्सक्लुझिव्ह मॉनिटर, म्हणजे एलडीएक्सआरने ठेवलेली नोंद, पुसून टाकते. आता एलडीएक्सआर दिसली की पुढच्या १६ इन्स्ट्रक्शनमध्ये एसटीएक्सआर शोधून तिच्यानंतर, आणि मधूनच बाहेर जाणारी ब्रांच असल्यास तिच्या लक्ष्यावरही, तात्पुरते ब्रेकपॉइंट ठेवतो. रिस्क-फाइव्हच्या तशाच एलआर-एससी जोडीलाही हाच नियम लावला आहे.

हे सगळे क्यूएमू या एम्युलेटरवर नीट चालल्यावर रास्पबेरी पाय ४ या खऱ्या बोर्डावर टाकले, तर ब्रेकपॉइंट कधी लागायचा, कधी नाही. क्यूएमू कॅशेची नक्कल करत नाही, म्हणून तेथे हा दोष दिसणे शक्यच नव्हते. बीआरके डेटा कॅशेमध्ये लिहिली जात होती आणि प्रोसेसर इन्स्ट्रक्शन कॅशेमधली जुनीच चालवत होता. डीसी सीव्हीएयू, डीएसबी, आयसी आयव्हीएयू, पुन्हा डीएसबी आणि शेवटी आयएसबी हा दोन्ही कॅशे जुळवणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा क्रम घातल्यावर चंचलपणा थांबला. रिस्क-फाइव्हवर हेच काम करणारी फेन्स.आय फक्त स्वतःच्या हार्टपुरती (तेथल्या भाषेत कोअरपुरती) असते, म्हणून इतर हार्टसाठी एसबीआयमार्फत, म्हणजे कर्नलखालच्या फर्मवेअरमार्फत, विनंती पाठवतो.

स्टॅक ट्रेसला (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले ती साखळी दाखवायला) मात्र तासभरही लागला नाही. रिस्क-फाइव्हवर परतीचा पत्ता एस० च्या (फ्रेम पॉइंटर रजिस्टरच्या) ८ बाइट खाली आणि मागची फ्रेम १६ बाइट खाली असते, एवढाच काय तो फरक.

सामाईक भाग आता रजिस्टरांना हात लावत नाही. ट्रॅप कोणत्या पत्त्यावर झाला, ब्रेकपॉइंट किती बाइटांचा, पाऊल कसे टाकायचे, एवढे तो विचारतो आणि उत्तरे प्रत्येक आर्किटेक्चरची फाइल देते. राहिले आहे ते इतर कोअर थांबवण्याचे काम. एक्स८६ वर त्यासाठी एनएमआय, म्हणजे बंद करता न येणारा इंटरप्ट, वापरतो. बाकी दोन्हींवर सध्या साधा आयपीआय (एका कोअरने दुसऱ्याला पाठवलेला इंटरप्ट) पाठवतो, आणि तो इंटरप्ट बंद करून अडकलेल्या कोअरपर्यंत पोहोचत नाही. तूर्त डीबगर थोडा वेळ वाट पाहतो, ‘कोअर २ उत्तर देत नाही’ असे छापतो आणि उरलेल्या कोअरांसह प्रॉम्प्ट दाखवतो.