स्वयंपाकघराच्या छतात दिवे बसवताना

फॉल्स सीलिंगवाल्या ठेकेदाराने आणलेला नकाशा दिसायला देखणा होता. दहा बाय आठचं स्वयंपाकघर, रुंदीचे तीन समान भाग, दोन रांगा, प्रत्येक रांगेत तीन कन्सील दिवे. सगळं कसं आखीव. त्यात फक्त ओटा कुठेच काढलेला नव्हता.

मी टेप घेऊन बसले. आठ फुटांचा तिसरा भाग म्हणजे दोन फूट आठ इंच. आमचा ओटा दोन फूट खोल. म्हणजे दिवा ओट्याच्या कडेपासून आठ इंच मागे, उभ्या राहणाऱ्याच्या टाळूवर किंवा जरा पाठीशीच. त्याच्याखाली कांदा चिरायला घेतला की आपल्याच डोक्याची सावली सुरीवर. जुन्या ट्यूबलाइटने वर्षानुवर्षं आम्हाला हेच दिलं होतं. ती समोरच्या भिंतीवर होती, म्हणजे ओट्याकडे तोंड केलं की पाठीमागे. सासूबाई डाळ निवडायला ताट घेऊन हॉलमध्ये का जातात, हे मला तेव्हा कुठे उमगलं.

ठेकेदाराला म्हटलं, दिवे भिंतीपासून वीस इंचांवर हवेत. तो म्हणाला, "मॅडम, फिर सेंटर नहीं मिलेगा. नीचे से देखोगे तो टेढा लगेगा." छताकडे बघत स्वयंपाक कोण करतं, हे त्याला विचारायचं मी टाळलं.

वाद कागदावर मिटणार नव्हता, म्हणून जुना ओटा फोडायच्या आधी आम्ही रात्री एक प्रयोग केला. लांब वायरला होल्डर, त्यात बल्ब, आणि ते सगळं जळमटं काढायच्या काठीला बांधलेलं. नवरा स्टुलावर काठी धरून उभा, आई, म्हणजे सासूबाई, ओट्याशी बटाटा चिरतायत, मी सावली बघतेय. बत्तीस इंचांवर बटाटा अंधारात. चोवीसला बरं, पण आई जरा वाकल्या की पुन्हा सावली. वीसला हात, सुरी, बटाटा सगळं लख्ख. त्याहून भिंतीकडे सरकवलं तर टाइलवर चकाकी येऊन डोळ्यांत जात होती. "अगं, इथेच खूण कर आणि त्याला आता खाली उतरव," आई म्हणाल्या. मी भिंतीवर खडूने रेघ मारली.

एका बाजूला मात्र वीस इंच चालेना. तिथे तेरा इंच खोल वरची कपाटं येणार होती. कपाटांखाली ओट्याचा मागचा भाग अंधारातच राहतो, छतातला दिवा कुठेही सरकवा. तिथे दिवा चोवीस इंचांवर घेतला आणि कपाटाच्या तळाला, पुढच्या कडेजवळ, ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये एलईडी पट्टी बसवायचं ठरलं. शेवटी ओट्यावर चार दिवे, त्यातला एक सिंकच्या मध्यावर, आणि ट्रॉल्या उघडल्यावर आत दिसावं म्हणून चालायच्या जागेत दोन. संख्या ठेकेदाराच्या नकाशातलीच राहिली, फक्त रांगा मोडल्या.

आता छताबद्दल. इंटरनेटवर या विषयाचे व्हिडिओ बघायला गेलं की बहुतेक अमेरिकेतले निघतात. तिथे लाकडी तुळयांमध्ये पोकळी असते, भोक पाडलं की दिवा आत बसतो. आपल्या डोक्यावर सिमेंटचा स्लॅब. त्याला खड्डा पाडायचा नसतो, म्हणून खाली जिप्समचं खोटं छत घ्यावं लागतं. आमचा स्लॅब नऊ फूट चार इंचांवर होता, सहा इंच खाली आलो. चिमणीचा सहा इंची पाइप छतात लपवायचा तर आणखी खाली यावं लागलं असतं. तो वरच्या कपाटातून नेला.

गॅसच्या पाइपवरून मात्र ठेकेदाराशी सरळ भांडण झालं. आमच्याकडे कोथरूडला पाइपचा गॅस आहे आणि तो पिवळा पाइप त्याला "खराब दिखता है" म्हणून छतात झाकायचा होता. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. पाइपचा गॅस मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, तो वर जातो. गळती झाली तर बंद पोकळीत तो साचत राहणार आणि त्याच पोकळीत आमच्या विजेच्या तारा. पाइप उघडाच राहिला, आणि पिवळाच.

पंख्याचं लक्षात घ्यावं लागतं, हे इलेक्ट्रिशियन काकांनी सांगितलं. कन्सील दिवा छताच्या पातळीत असतो, म्हणजे पंख्याच्या पात्यांच्या वर. पातं त्याच्या झोतातून फिरलं की खाली उजेड लुकलुकतो, आणि त्यात सुरी हातात घेऊन उभं राहणं म्हणजे डोकेदुखी. स्वयंपाकघर लहान असल्याने दिवे पात्यांपासून पुरेसे लांब नेता येत नव्हते. छताचा पंखा काढून भिंतीवरचा घेतला. गॅसची ज्योतही त्याने हलत नाही.

दिव्यांच्या खरेदीला तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतल्या त्या बोळात विजेची वस्तू मिळत नाही असं होत नाही, फक्त काय हवंय ते आपल्याला नीट माहीत पाहिजे. घरात रंगावरून दोन तट होते. आईंना पांढराशुभ्र उजेड हवा, म्हणजे ६५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप). नवऱ्याला हॉटेलसारखा पिवळा, ३०००. मी एका डबीत तिखट, एकीत हळद, एकीत तांदूळ आणि पिशवीत एक टोमॅटो घेऊन गेले होते. दुकानदार हसला, पण त्याने काउंटरवर सगळे दिवे लावून दाखवले. ६५०० खाली हळद फिकट पडली. ३००० खाली तिखट छान दिसत होतं, पण तांदूळ पिवळट, खडा शोधायचा तर पंचाईत. ४००० वर दोघंही फारशी कुरकुर न करता थांबले.

खरा फरक पडला तो त्याच ४००० केल्विनच्या दोन दिव्यांत. एकाखाली टोमॅटो लालबुंद, दुसऱ्याखाली मळका, तपकिरी. खोक्यावर बघितलं तर पहिल्याचा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९०, दुसऱ्याचा ८०. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्याच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन तो पांढरा दिसतो. त्यामुळे स्वस्त दिव्याच्या उजेडात लाल रंग कमी पडतो. (त्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. टोमॅटोचं पुढे काय होईल ते त्यांच्या हातात नव्हतं.) बैठकीच्या खोलीत ८० चालून जातं. मटण शिजलंय का, फोडणी करपतेय का, हे रंगावरून ओळखायचं असेल तर मी ९० च घ्या म्हणेन, दिव्यामागे शंभर-दीडशे रुपये जास्त गेले तरी.

दुकानदार आधी २४ अंशांच्या अरुंद झोताचे सीओबी एलईडी दिवे दाखवत होता. दिसायला झकास. पण छत आठ फूट दहा इंचांवर, ओटा चौतीस इंच उंच, मधलं अंतर सहा फूट. २४ अंशांत ओट्यावर जेमतेम अडीच फुटांचा गोल पडतो आणि दोन गोलांच्या मध्ये अंधार. ६० अंशांत तोच गोल जवळपास सात फुटांचा होतो, शेजारच्या दिव्यांचा उजेड एकमेकांत मिसळतो आणि सावल्या पातळ होतात. १२ वॉटचे, ६० अंशांचे घेतले. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरूनही पाहिला. एका दिव्याखाली पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, स्वस्तातला. तो नाकारला.

प्रत्यक्ष काम सुरू झालं आणि सोसायटीचा नियम आडवा आला. दुपारी एक ते चार ड्रिल बंद. पुण्यात राहून याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नसतो. त्या वेळात कामगार मोजमापं घेत.

स्लॅबला फास्टनर मारायच्या आधी काकांनी स्विचबोर्डापासून जुन्या पॉइंटपर्यंत खडूने रेघ ओढली आणि तिच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडायला लावली. स्लॅबमधला वायरिंगचा पाइप बहुधा सरळ रेषेत गेलेला असतो, त्यात ड्रिल घुसलं की सगळंच थांबतं. त्यांनी मेनही बंद ठेवला आणि ड्रिलसाठी शेजारून वायर आणली. वरच्या मजल्याच्या सिंकची बाजू मी स्वतः टॉर्च मारून बघितली. ओल असती तर तिथे जिप्समचा बोर्ड चढवूच दिला नसता.

दिव्यांच्या जागा आधी जमिनीवर आखल्या आणि लेझरने वर नेल्या. बोर्ड ज्यांना धरून राहतो त्या जी.आय.च्या (जस्त चढवलेल्या लोखंडी) पट्ट्या साधारण दीड-दीड फुटावर येतात. जागा आधी ठरलेली नसेल तर नेमकी पट्टी भोकाच्या आड येते, मग एक तर दिवा सरकतो नाही तर पट्टी कापली जाते. पट्टी कापलेली मी एका ओळखीच्यांकडे पाहिली आहे, तिथे बोर्डाला पोट आलंय. आमच्याकडे दोन पट्ट्या चार-चार इंच सरकवल्या, एवढ्यावर भागलं. बोर्ड ओल सोसणारा, हिरव्या रंगाचा घेतला.

तारांचं काम काकांचं. लाइटला दीडची वायर, सोबत अर्थिंग, सगळं पाइपमधून, आणि जोड उघडा टेप लावून कुठेही सोडलेला नाही. ओट्याचे चार दिवे एका बटणावर, मधले दोन दुसऱ्या, कपाटाखालची पट्टी तिसऱ्या. बोर्ड चढायच्या आधी त्यांनी दिवे नुसते लटकवून चाचणी घेतली आणि तिथे घोळ निघाला. बटण दाबलं की स्वयंपाकघरासाठी नवीन बसवलेली ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडायची. ठेकेदाराचं म्हणणं, आरसीसीबी खराब आहे, काढून टाका.

काकांनी ती काढायला साफ नकार दिला. त्यांनी मला समजावलं ते असं: आरसीसीबी फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करते. दोन्ही सारखे तर ठीक, फरक पडला की कुठेतरी गळती आहे असं समजून बंद करते. आमच्याकडे गळती नव्हती. बिल्डरच्या जुन्या वायरिंगमध्ये स्वयंपाकघराच्या लाइटचा न्यूट्रल भिंतीतल्या एका डब्यात हॉलच्या न्यूट्रलला जोडलेला होता. फेज नव्या आरसीसीबीतून जायचा, परतीचा प्रवाह हॉलच्या वाटेने निघून जायचा. २३० व्होल्टवर १२ वॉटचा एकच दिवा निदान ५२ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे एका दिव्यालाही ती पडणारच. काकांनी डीबीपासून (घरातल्या विजेच्या मुख्य डब्यापासून) स्वयंपाकघरापर्यंत स्वतंत्र न्यूट्रल ओढला. त्यापायी हॉलच्या भिंतीचा एक पट्टा फोडावा लागला आणि रंगाचा खर्च वाढला. ठेकेदाराचं ऐकलं असतं तर तो खर्च वाचला असता आणि ओल्या हाताने मिक्सर लावणाऱ्या माणसाला संरक्षण उरलं नसतं.

बोर्ड बंद व्हायच्या आधी मी छताचे फोटो काढून ठेवले, प्रत्येक फोटोत टेप धरून. पुढे चिमणी बदलताना किंवा कुणी ड्रिल घेऊन आलं की तेच कामाला येतील.

बाकी सोपं होतं. सांधे भरले, घासले, रंगाचा पहिला हात झाला, मग होलसॉने (गोल करवतीने) ११० मिलिमीटरची भोकं. वर बघून भोक पाडणाऱ्याच्या डोळ्यांत जिप्समची पूड जाते. त्या मुलाकडे चष्मा नव्हता, मी स्कूटर चालवताना घालते तो दिला. शेवटचा हात वाळल्यावर दिवे स्प्रिंग दाबून वर सरकवले, तेही पाच मिनिटांचं काम. स्प्रिंग मात्र जोरात मिटते, बोट सांभाळा.

ठेकेदाराचा शेवटचा हप्ता अंधार पडल्यावर दिला. सगळे दिवे लावले, आईंना ओट्याशी उभं केलं आणि त्यालाही बोलावलं. तो थोडा वेळ छताकडेच बघत होता. "थोडा टेढा लगता है," म्हणाला, आणि पैसे मोजून घेतले.

त्यानंतर दोन जादा दिवे आणून माळ्यावर ठेवलेत. खोक्यावर मार्करने "कटआऊट ११०" लिहिलंय. दर दोन-तीन वर्षांनी मॉडेल बदलतात आणि नवीन दिव्याचं माप लहान निघालं तर पाडलेलं भोक बुजवत बसावं लागतं.