विकतच्या स्ट्रॉबेरीत काय घालतात?

फळं वाळवणं आणि गोठवणं हा माझा कामाचा विषय आहे असं कळलं की, लग्नाच्या पंगतीत असो नाहीतर सोसायटीच्या लिफ्टमध्ये, एक प्रश्न हमखास येतो. महाबळेश्वरहून पेटीभर स्ट्रॉबेरी आणली, फ्रीझरमध्ये टाकली, आठवड्याने काढली तर लगदा. विकतच्या फ्रोझन स्ट्रॉबेरीचा असा लगदा होत नाही, मग त्यात घालतात तरी काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: बहुतेक वेळा काहीच घालत नाहीत. फक्त गोठवायची घाई करतात.

स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. उणे एक ते उणे पाच अंश या टप्प्यात त्यातल्या बऱ्याचशा पाण्याचा बर्फ होतो आणि फळाचं बरं-वाईट तिथेच ठरतं. घरच्या फ्रीझरमध्ये गच्च भरलेला डबा हा टप्पा तासन् तास रेंगाळत ओलांडतो. आधी बर्फ धरतो तो पेशींच्या बाहेर. मग तो आतलं पाणी ओढून घेत मोठा होत जातो. पेशी आकसतात, त्यांच्या भिंती फाटतात. सूक्ष्मदर्शकाखाली अशी चकती पाहिली की बर्फ होता तिथे मोठाल्या पोकळ्या दिसतात. वितळल्यावर पाणी आत धरून ठेवायला काही उरलेलंच नसतं, ते ताटलीत येतं. कारखान्यात एकेक फळ सुटं ठेवून त्यावर उणे पस्तीस-चाळीस अंशांचा वारा सोडतात, काही मिनिटांत काम होतं आणि बर्फाचे कण बारीक राहतात. याला आयक्यूएफ म्हणतात. अर्थात वितळल्यावर ती स्ट्रॉबेरीही पाणी सोडतेच, फक्त कमी.

आमरसाचा हा प्रश्न नाही. रस काढतानाच पेशी फुटलेल्या असतात, बर्फाने आणखी काय बिघडवायचं? म्हणून हापूसच्या फोडींपेक्षा रस गोठवलेला मला बरा वाटतो.

मग पुढचा प्रश्न येतो: गोठवायला इतकी घाई, तर वाळवतानाही भट्टी पेटवून मोकळं का होत नाही? इथे हिशेब उलटा आहे. जाड फोडीला सुरुवातीलाच कडक उष्णता दिली की वरची साय घट्ट होते आणि आतलं पाणी आतच अडकतं. फोड बाहेरून कडक लागते, बरणीत भरून ठेवली की आठवड्याभरात बुरशी. आंबापोळीचा रस ताटात पातळ ओततात, तो वाळला की वर दुसरा थर देतात, ते याचसाठी.

द्राक्षाची अडचण याहून वेगळी. त्याच्या सालीवर निसर्गानेच मेणाचा थर दिलेला असतो, हात लावला की पुसला जाणारा तो पांढरट लेप. हे मेण पाणी बाहेर जाऊ देत नाही. तासगाव भागात बेदाण्यासाठी घड आधी एका द्रावणात बुडवतात: लिटरभर पाण्याला साधारण 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट. दोन ते चार मिनिटं पुरतात. मेण निघून जात नाही, पण त्याची घडी विस्कटते आणि पाण्याला वाट मिळते. मग माल शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. द्रावणाशिवाय तीन-चार आठवडे लागले असते, ते काम पंधरवड्यात आटोपतं. भूमध्य समुद्राच्या काठचे लोक पूर्वी लाकडाच्या राखेचं पाणी आणि ऑलिव्हचं तेल यांनी हेच करत. रसायनशास्त्र तेच, बाटली नवी.

ऐंशी टक्के पाण्याचं द्राक्ष पंधरा टक्क्यांवर येतं, चार किलोचा किलोभर बेदाणा होतो. उरलेलं पाणी साखरेने इतकं धरून ठेवलेलं असतं की जंतूंच्या वाट्याला फारसं येत नाही. फ्रीझरमध्ये मात्र जंतू मरतातच असं नाही, त्यांची वाढ तेवढी थांबते. ‘फ्रोझन आहे, धुवायला कशाला हवं’ असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो तो यावरून.

आणि जीवनसत्त्वं? क जीवनसत्त्व उन्हात वाळवताना बरंच जातं, गोठवताना बरंच टिकतं. कॅलऱ्या मोजत असाल तर बेदाणा मुठीने खाऊ नका, एवढं बास.

घरी स्ट्रॉबेरी गोठवायचीच असेल तर धुऊन, देठ काढून, पूर्ण कोरडी करून स्टीलच्या थाळ्यात एकेक सुटी मांडा. थाळा थेट फ्रीझरच्या तळाला टेकवा, आणि त्या रात्री फ्रीझर सगळ्यात थंड आकड्यावर ठेवा. कडक झाली की पिशवीत भरा, हवा काढून बांधा. कारखान्यासारखी होणार नाही, पण मिल्कशेकला फक्कड. विकत घेताना पाकीट हलवून बघा. आत सुटी फळं खुळखुळली तर घ्या. सगळा एकच गोळा झाला असेल तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठला असण्याची दाट शक्यता आहे, सवलत कितीही असो.