तुळस डोईवर

तरडगाव सोडलं तेव्हा मी तुळशीवाल्या बायांमध्ये होते. फलटण यायच्या आत रांगेच्या पार शेवटी गेले. पाळी आली होती, चार दिवस आधीच. कुणी काही बोललं नव्हतं, कुणाला ठाऊकही नव्हतं. पण लहानपणापासून घरात पाहिलेलं अंगात इतकं मुरलेलं, की डोक्यावरचं वृंदावन मी आपणहून शेजारच्या बाईकडे दिलं आणि मागं सरले.

आमच्या दिंडीत गंगाखेडच्या एक आजी होत्या. म्हणजे जनाबाईच्या गावच्या. ‘जनी आमच्या गावची’ हे त्या रोज एकदा तरी सांगायच्या, जणू कालच ती पंढरीला नामदेवांच्या घरी कामाला गेली आहे.

“काहून मागं राहिलीस गं? पाय दुखायलेत?”

मी हळू आवाजात सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या. मग टाळ नाही, मृदंग नाही, चालता चालता नुसत्याच म्हणू लागल्या:

देहासी विटाळ म्हणती सकळ ।
आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥
देहींचा विटाळ देहींच जन्मला ।
सोवळा तो झाला कवण धर्म ॥

“सोयराबाईचा हाय. पाठ कर.”

सोयराबाई मला ‘अवघा रंग एक झाला’पुरतीच ठाऊक होती. तो अभंग दर आषाढीला कानावर पडतो. हा मात्र घरात कुणी कधी लावला नव्हता. ज्या घरच्या माणसांना देवळाबाहेरच उभं राहावं लागत होतं, त्या घरातली ही बाई, चोखोबांची बायको, सातशे वर्षांपूर्वी विचारते आहे: विटाळावाचून जगात कुठला देह निर्माण झाला? शेवटी ती सही करते ‘चोखियाची महारी’ अशी. जे नाव लोकांनी तिला खाली ठेवायला दिलं, तेच ती देवापुढं ताठ मानेनं सांगते. त्या दिवशी ऊन होतं, ओटीपोट दुखत होतं, आणि त्या चार ओळी मी पावलागणिक घोकत होते.

थोड्या वेळानं आजींनी जनाबाईचा अभंग धरला. ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी.’ मागच्या बायांनी उचलला. ‘हाती घेईन टाळ, खांद्यावरी वीणा, आता मज मना कोण करी’ ही ओळ आली तेव्हा आजी पुढं गेल्या, वृंदावन मागून घेतलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. कुणाला काही सांगितलं नाही, कुणी काही विचारलंही नाही. बरड, नातेपुते, माळशिरस... त्या चार दिवसांत माझी पाळी चुकली नाही, म्हणजे तुळशीची.

पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं बळ आमच्यात नव्हतं. महाद्वारापाशी नामदेव पायरीजवळ गेलो. परंपरा सांगते, नामदेवांच्या घरच्यांबरोबर जनाबाईही इथंच विसावली. समोर चोखोबांची समाधी. १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केलं, तेव्हा कुठं मंदिराचं दार दलितांना उघडलं. चोखोबा आणि सोयराबाईंना जाऊन तेव्हा शतकं लोटली होती.

गर्दी मागून रेटत होती. आजींच्या डोक्यावर तुळस होती.

“धर गं जरा,” म्हणाल्या, ती माझ्या हाती दिली आणि चोखोबांच्या समाधीवर कपाळ टेकवलं.