गच्चीवरचं सोलर: टाकीची सावली आणि बोअरचं पाणी

महिन्याला तीनशे-साडेतीनशे युनिट जाळणाऱ्या घराला ३ किलोवॅटची सिस्टीम पुरते: ५४० वॅटची सहा पॅनेल, साधारण ३०० चौरस फूट गच्ची. एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरा, आषाढ-श्रावणात कमीच. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, त्याहून मोठी बसवली तरी तेवढंच.

पॅनेलची तोंडं दक्षिणेला, कोन आपल्याकडे १८-२० अंश. खरा घात करते ती सावली. पॅनेल सिरीजमध्ये असतात, सगळ्यांतून एकच करंट वाहतो. टाकीची सावली एका कोपऱ्यावर आली की तो भाग सगळ्यांचा करंट अडवू लागतो. म्हणून पॅनेलमधला बायपास डायोड (करंटला वळसा देणारा भाग) त्या पॅनेलचा साधारण तिसरा हिस्सा वगळतो. तेवढी वीज गेलीच. म्हणून सावली डिसेंबरात बघावी, सकाळी नऊ आणि दुपारी तीनला. तेव्हा सूर्य दक्षिणेला खाली असतो, सावल्या लांबतात. मे महिन्यात गच्ची बघून ‘सावली नाही’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

अर्थिंगचे खड्डे तीन हवेत: डीसी (पॅनेलकडची बाजू), एसी (घराकडची बाजू) आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचा स्वतंत्र. दोनात भागवायला बघतात, मोजून घ्या.

लाइट गेली की बॅटरीशिवायचा ऑनग्रिड इन्व्हर्टरही (पॅनेलची डीसी वीज एसी करून घराला आणि सरकारी लाइनला जोडणारा) बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. तो बिघाड नव्हे. खांबावरच्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशी सोय असते.

काचा पहाटे धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकू शकते, आणि बोअरचं जड, क्षारांचं पाणी वाळलं की पांढरा थर धरतो. तो मग साध्या फडक्याने निघत नाही.